घरगुती फराळ आणि समाजमाध्यमे

घरगुती फराळ आणि समाजमाध्यमे : घरच्या स्वयंपाकघरात केलेले खाद्यपदार्थ दुकानदार किंवा वितरक मध्ये न घेता व्हॉट्सॲप, फेसबुक, इन्स्टाग्राम यांवर जाहीर करून थेट गिऱ्हाइकाला विकण्याची पद्धत. महाराष्ट्रातील लहानमोठ्या शहरांत ती मुख्यतः स्त्रियांनी रुजवली. दिवाळीचा फराळ, उकडीचे मोदक, पुरणपोळ्या, उन्हाळी वाळवणे आणि मसाले हे तिचे ठळक पदार्थ. हलव्याचे दागिने आणि रुखवताच्या वस्तूही याच वाटेने विकल्या जातात.

घरच्या अन्नावर संसार चालवण्याची परंपरा यापेक्षा बरीच जुनी आहे. मुंबईच्या गिरणगावात बायका खाणावळी चालवून गिरणी कामगारांना जेवू घालत. या खाणावळवाल्यांना सावकाराच्या कचाट्यातून सोडवून बँकेचे कर्ज मिळवून देण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. त्याआधी, १५ मार्च १९५९ रोजी, गिरगावात सात स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. तीच पुढे श्री महिला गृहउद्योग लिज्जत पापड ही संस्था झाली. लिज्जतमध्ये बाईने लाटायचे आणि विक्री संस्थेने सांभाळायची, अशी वाटणी होती. समाजमाध्यमांवर विकणाऱ्या बाईला ही सोय नाही. पदार्थ करणे, फोटो काढणे, मजकूर लिहिणे, चौकश्यांना उत्तरे देणे, पैसे आले का ते पाहणे आणि पार्सल बांधणे ही सगळी कामे तिच्याच अंगावर येतात. या पद्धतीचे कौतुक करताना ही वाढलेली मेहनत सहसा कोणी मोजत नाही.

पद्धत पसरायला तीन गोष्टी कारणीभूत झाल्या. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाल्यावर मोबाइलवरचे इंटरनेट झपाट्याने स्वस्त झाले. यूपीआय त्याच वर्षी आले, त्यामुळे अनोळखी गिऱ्हाइकाकडून आगाऊ रक्कम घेणे सोपे झाले. जानेवारी २०१८ मध्ये छोट्या व्यावसायिकांसाठी व्हॉट्सॲप बिझनेस हे मोफत ॲप आले आणि पुढच्याच वर्षी त्यात पदार्थांची यादी फोटो आणि भावासह मांडायची सोय झाली. मार्च २०२० च्या टाळेबंदीत हॉटेले बंद पडली, अनेक घरांतले पगार थांबले, आणि एरवी हौसेने करून वाटणाऱ्या बायकांनीही पदार्थांना भाव लावला.

कोणते माध्यम उपयोगी पडेल हे पदार्थ किती दिवस टिकतो आणि प्रवासात किती हादरे सोसतो यावर ठरते. उकडीचा मोदक हे याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण. तो गणेश चतुर्थीला नैवेद्याच्या वेळेआधी, म्हणजे दुपारच्या आत, घरी पोचला पाहिजे. उशीर झाला तर पारी कोरडी पडून तडकते आणि नैवेद्याची वेळही टळते. म्हणून मोदकाचे गिऱ्हाईक पायी किंवा रिक्षाने गाठता येईल एवढ्याच टापूत असते. त्याची जाहिरात सोसायटीच्या ग्रुपवर, भिशीच्या ग्रुपवर, मुलांच्या शाळेतल्या पालकांच्या ग्रुपवर होते. हजारो लोकांनी पाहिलेल्या रीलचा मोदकवालीला त्या दिवशी फारसा उपयोग नसतो; पलीकडच्या इमारतीतल्या वीस घरांनी नाव घेतले तर तिचा दिवस भरतो. मोदकाला कळ्या पाडतानाचा व्हिडिओ मात्र घालावाच. सारख्या अंतरावर पडणाऱ्या बारीक कळ्या पाहून हात किती तयार आहे ते जाणकाराला लगेच कळते. ऑर्डर एकवीस किंवा अकराच्या पटीत येतात आणि सगळ्यांना एकाच सकाळी हव्या असतात, त्यामुळे वेळेचे गट पाडून ‘साडेनऊची यादी भरली’ असे जाहीर करणे हा जाहिरातीचाच भाग होतो.

पुरणपोळी एकदोन दिवस चांगली राहते, तेव्हा तिला शहरभर फिरता येते. इथे व्हॉट्सॲपचे स्टेटस आणि ब्रॉडकास्ट कामी येतात. स्टेटस २४ तास राहते आणि गिऱ्हाइकाला न टोचता समोर येते, म्हणून जपून वागणाऱ्या बायकांना ते अधिक आवडते. ब्रॉडकास्टच्या एका यादीत २५६ जण घेता येतात. मात्र ज्यांनी विक्रेतीचा क्रमांक आपल्या फोनमध्ये साठवला आहे, त्यांनाच तो निरोप मिळतो. ‘नंबर सेव्ह करून ठेवा, पुढची यादी पाठवते’ ही पहिल्या ऑर्डरनंतरची विनंती त्यासाठीच असते. अनेक सोसायट्यांत मुख्य ग्रुपवर जाहिरातीला मनाई असते. ती मोडून रोज फोटो टाकणाऱ्या ताईंचा माल उत्तम असला तरी शेजारी चौकशी करायला कचरतात. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी टाकलेली यादी लोक वाट पाहून वाचतात.

दिवाळीचा फराळ या व्यवसायाचा मुख्य हंगाम. भावाची यादी साधारण नवरात्राच्या सुमारास निघते, आणि ऑर्डर कधी थांबवायच्या हे पदार्थ ठरवतो. अनारशाचे तांदूळ तीन दिवस भिजवावे लागतात, मग कुटून गुळात मळलेले पीठ काही दिवस मुरावे लागते. त्यामुळे अनारशांची नोंदणी सर्वांत आधी बंद करावी. चकलीची भाजणी आधी करून ठेवता येते, पण चकल्या पाडायला आणि तळायला हात लागतात, आणि त्या दिवसांत मदतनीस बाई मिळणे कठीण. चिवडा शेवटपर्यंत घेता येतो. एवढे गणित न करता ‘ऑर्डर चालू’ असे शेवटपर्यंत फिरवत राहिले, की धनत्रयोदशीच्या रात्री घर जागे असते आणि माल घाईने केल्याचे चवीत कळते. प्रसिद्धी हातांच्या ताकदीएवढीच करावी. फराळापुरता तरी हा नियम फार कडक आहे. भाव लवकर जाहीर करण्यातही जोखीम असते. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावरील मूळ आयात शुल्क शून्यावरून २० टक्के केले, ते ऐन फराळाच्या तयारीच्या दिवसांत. तळणीचा माल विकणाऱ्याला असा फेर लगेच जाणवतो. यादीवर ‘हे भाव अमुक तारखेपर्यंतच्या ऑर्डरसाठी’ अशी ओळ असली तर वाद होत नाही.

गोडा मसाला, मेतकूट, भाजणी, लाडू आणि चिवडा दूर जाऊ शकतात, म्हणून इन्स्टाग्राम या पदार्थांना खरोखर उपयोगी पडते. जून २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली आणि लगेच जुलैमध्ये भारतात रील्स सुरू झाल्या. मराठीत बोलत, आपल्याच ओट्यावर चित्रीकरण करणाऱ्या सुगरणींना तेथे बंगळूर, इंदूर, बडोदा अशा ठिकाणची मराठी गिऱ्हाइके भेटली. अनोळखी गिऱ्हाईक मात्र शेजाऱ्यासारखे समजून घेत नाही. कुरियरमध्ये मोडलेल्या चकल्यांचा फोटो तेच लोक सर्वांना दाखवतात, तेव्हा डब्यात उरलेली पोकळी कागदाने भरणे हे रीलपेक्षा महत्त्वाचे काम ठरते. परदेशातल्या मुलांसाठी आईवडील फराळ पाठवतात, हाही मोठा भाग आहे, आणि तो दुसऱ्याच कोणाच्या निर्णयांवर अवलंबून असतो. अमेरिकेने आयात शुल्काचे नियम बदलल्यामुळे भारतीय टपाल खात्याने ऑगस्ट २०२५ च्या अखेरीस तिकडची बहुतेक पार्सले घेणे थांबवले. ती सेवा पुन्हा सुरू झाली १५ ऑक्टोबरला, दिवाळी अगदी तोंडावर आल्यावर.

फोटोंबाबत एक गोष्ट अनुभवी विक्रेत्यांकडून शिकण्यासारखी आहे. चांदीच्या ताटात, पणत्यांच्या मध्ये मांडलेला फराळ सगळ्यांचा सारखाच दिसतो. चकली मोडून आतली नळी दाखवली, करंजीचे सुटलेले पदर जवळून दाखवले, लाडू अर्धा करून बेसनाचा भाजलेला रंग दाखवला, की गिऱ्हाईक थांबून पाहते. इंटरनेटवरून उचललेला फोटो कधीही वापरू नये. घरी आलेला माल वेगळा दिसला की तेवढ्यावरच विश्वास उडतो. भाव, वजन आणि ऑर्डर कुठून न्यायची हे फोटोखालीच लिहावे. ‘भाव इनबॉक्समध्ये’ ही सवय दोघांचाही वेळ खाते आणि काटकसर करणारे गिऱ्हाईक विचारायला संकोचते. भाव ठरवताना सामान, गॅस आणि डब्यासोबत स्वतःच्या तासांची मजुरीही धरली पाहिजे. ‘घरीच तर करता, मग एवढे महाग कसे?’ हा प्रश्न हमखास येतो. त्याला यादीतच उत्तर द्यावे : तेल कोणते, तूप कोणते, तळण किती वेळा बदलले.

घरून अन्न विकणाऱ्यालाही अन्नसुरक्षा आणि मानके कायदा, २००६ लागू होतो. २०११ च्या नियमांनी वर्षाला १२ लाख रुपयांपर्यंत उलाढाल असलेल्यांसाठी परवान्याऐवजी साधी नोंदणी ठेवली आणि तिचे शुल्क वर्षाला १०० रुपये ठरवले. नोंदणीचा १४ अंकी क्रमांक पाकिटावर छापायचा असतो. सोबत घटक, वजन, बनवल्याची आणि वापरण्याची अंतिम तारीख, शाकाहाराची हिरवी खूण हेही हवे. इन्स्टाग्रामवर लोकप्रिय असलेल्या कोणाला फुकट डबा देऊन कौतुक करून घेतले, तर ती जाहिरात आहे हे त्या व्यक्तीने स्पष्ट सांगायचे असते. भारतीय जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये तसे नियम केले, आणि २०२३ मध्ये केंद्र सरकारनेही त्यासाठी मार्गदर्शिका काढली.

फसवणुकीचा एक प्रकार या क्षेत्रात वारंवार दिसतो. अनोळखी माणूस मोठी ऑर्डर देतो, बहुधा सैन्यात असल्याचे सांगतो, भावाची घासाघीस करत नाही, आणि पैसे ‘पाठवण्यासाठी’ क्यूआर कोड धाडून पिन टाकायला सांगतो. यूपीआयवर पैसे घेताना पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की आपल्याच खात्यातून रक्कम जाते. तसे झालेच तर १९३० या सायबर मदत क्रमांकावर ताबडतोब तक्रार करावी. जितकी लवकर होईल तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त. पैसे आल्याची खात्रीही गिऱ्हाइकाने पाठवलेल्या स्क्रीनशॉटवरून न करता बँकेच्या नोंदीतूनच करावी. खाते हॅक होणे किंवा बंद पडणे हा दुसरा धोका. त्यात गिऱ्हाइकांची यादी आणि आलेल्या ऑर्डर एकदम हातच्या जातात, म्हणून सणाच्या दिवसांत नाव, क्रमांक, पदार्थ, वजन आणि जमा रक्कम यांची नोंद अनेक जणी अजूनही वहीत ठेवतात.