स्केल की गेज? मोतीबागेची गाडी प्लायवूडवर बसवण्याआधी

नागपूरच्या मोतीबागेत नॅरोगेज रेल्वे संग्रहालय आहे. दारव्हा-मूर्तिजापूरकडच्या शाळेची सहल तिथे गेली, की परतताना कुणीतरी म्हणतंच, "सर, प्रदर्शनासाठी आपण ह्याच गाडीचं मॉडेल करू." गोल रूळ, एक फलाट, इंजिनाची शेड. विषय सुरेखच आहे. घोळ होतो तो सामान मागवताना, कारण स्केल आणि गेज एकच समजले जातात.

स्केल, म्हणजे खऱ्याच्या किती पट लहान, ते सगळ्या देखाव्याचं असतं. १:८७ ठरवलं, तर साडेपाच फुटी माणूस १९ मिलिमीटरचा होतो. १:४८ मध्ये तोच ३५ चा. झाड, बाक, कापसाच्या गाठी, सगळं त्याच हिशेबात. गेज म्हणजे फक्त दोन रुळांच्या आतल्या कडांमधलं अंतर. आपली ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरची, मूर्तिजापूर-यवतमाळ मार्गावरच्या 'शकुंतला' गाडीची नॅरोगेज ७६२ ची.

आता खरी मेख. पाकिटावर 'एचओ' (मॉडेलवाल्यांचं १:८७ स्केलचं नाव) लिहिलेले रूळ १६.५ मिलिमीटर गेजचे असतात. परदेशातल्या १४३५ च्या लाईनला ८७ ने भागून तो आकडा आलाय. आपली ब्रॉडगेज ८७ ने भागली तर १९.३ येते, शकुंतला ८.८. म्हणजे एचओचं इंजिन एचओच्या रुळावर धावेल, पण ती शकुंतला होणार नाही. तिच्यासाठी १:८७ च्या डब्यांखाली ९ मिलिमीटरचे, म्हणजे 'एन' या आणखी छोट्या स्केलचे रूळ घालावे लागतात.

किंवा १६.५ चेच रूळ ठेवा आणि स्केल १:४८ करा. ७६२ भागिले ४८, उत्तर १५.९, अर्ध्या मिलिमीटरचा फरक डोळ्याला कळत नाही. शाळेसाठी मी हेच सुचवेन. पुठ्ठ्याचे डबे पोरांच्या हाताला जमतात, आणि नॅरोगेजचं खरं रूप दिसतं: अरुंद रुळावर दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला रुंद डबा. खरी गिट्टी साधारण ५० मिलिमीटरची, म्हणून इथे एक मिलिमीटरचा दाणा हवा. वाळलेला मुरूम चहाच्या गाळणीतून चाळायचा, बारीक धूळ झटकायची, रुळांमध्ये पसरून वरून पाणी घातलेलं फेव्हिकॉल थेंबथेंब सोडायचं.

जागा मात्र जास्त लागते. आठ बाय चारच्या प्लायवूडवर ४५ सेंटिमीटर त्रिज्येचं वळण बसतं. १:४८ मध्ये ते खरं २१-२२ मीटरचं. मेन लाईनला ते शोभणार नाही, संग्रहालयातल्या फेरीला चालून जातं.

आणि मुलं बसतात त्या फेरीच्या गाडीचाच देखावा करायचा असेल, तर तिथल्या कर्मचाऱ्यांना विचारून रुळांमधलं अंतर टेपने मोजा. अशा गाड्या ७६२ पेक्षा अरुंद रुळांवरही धावतात. आलेलं माप १६.५ ने भागलं की स्केल मिळतं. ६१० आलं, तर सुमारे १:३७. मग माणूसही ४५ मिलिमीटरचा करावा लागेल.