नर्व्हचं रेकॉर्डिंग फिल्टर मारून साफ होतं? नाही होत

कित्येक वर्षं फिरत असलेला समज म्हणजे नर्व्हचा विजेचा सिग्नल टिपायला शरीरात इम्प्लांट केलेल्या इलेक्ट्रोडमधून तो कसाही येऊ दे, नंतर सॉफ्टवेअरमधे फिल्टर मारला की नॉइज जातो. हे चुकीचं आहे.

नर्व्हभोवती गुंडाळलेल्या कफ इलेक्ट्रोडवर सिग्नल मिळतो जेमतेम काही मायक्रोव्होल्ट, आणि शेजारचा स्नायू आखडला की त्याचा त्याहून कितीतरी मोठा, वर दोघांच्या फ्रिक्वेन्सी काहीशे हर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांत घुसलेल्या, मग फिल्टरला कळणार कसं कुठला कोणाचा? आणि अँप्लिफायर सॅच्युरेट झाला, म्हणजे सिग्नल त्याच्या मर्यादेबाहेर गेला, तर तेवढ्या वेळाचा डेटा गेलाच, तो परत नाही येत.

खरी लढाई आधीच लढावी लागते. कफमधे बहुधा इलेक्ट्रोडच्या ३ रिंगा असतात, कडेच्या २ एकमेकींना जोडायच्या आणि मधलीशी फरक मोजायचा. स्नायूचं व्होल्टेज कफच्या आत साधारण सरळ रेषेत बदलतं, त्यामुळे कडांची सरासरी आणि मधला आकडा जवळपास सारखाच येतो आणि वजाबाकीत ते उडतं, नर्व्हचं मात्र उरतं. इतकी साधी आयडिया आणि इतकी सुंदर! पण रिंगांची अंतरं समान हवीत, कफ नीट मिटलेला हवा, आणि आत टिश्यू कमीजास्त वाढला की बॅलन्स बिघडतो, म्हणून काही डिझाइनमधे दोन्ही बाजूंचा गेन (सिग्नल किती पट मोठा करायचा ते) वेगवेगळा अॅडजस्ट करायची सोय ठेवतात. फिल्टर लागतोच, पण या सगळ्यानंतर.