पीजे (पाचोरा-जामनेर रेल्वे) कोरोनामुळे बंद पडली?

या लाइनवरच्या शेंदुर्णीच्या ओस स्टेशनाकडे बोट दाखवून आजही सांगतात, ‘कोरोनानं पीजे मारली.’ हे अर्धंच खरं. मार्च २०२० च्या लॉकडाऊनमध्ये देशभरातल्याच प्रवासी गाड्या थांबल्या. भुसावळ-मुंबई मार्गावरच्या पुन्हा धावू लागल्या, पाचोरा-जामनेर नाही. मेख रुळांत आहे. ही ५६ किलोमीटरची लाइन नॅरोगेज, दोन रुळांतलं अंतर ७६२ मिलिमीटर. पाचोऱ्याला ती ज्या मुख्य मार्गाला मिळते, त्या ब्रॉडगेजवर तेच १,६७६. त्यामुळे पीजेचा डबा पाचोऱ्यापुढे सरकूच शकत नव्हता. माल असो की माणूस, तिथं उतरणं आलंच. सगळीकडे एकच गेज आणायचं रेल्वेचं धोरण १९९२ पासूनचं, कोरोनाच्या कितीतरी आधीचं. आता ब्रॉडगेज करून लाइन बोदवडपर्यंत न्यायचं ठरलं आहे.