लस घेतलेल्या मुलालाही कांजिण्या : एका मात्रेच्या दोन मात्रा का झाल्या?

2000 सालच्या डिसेंबरात अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यातल्या एका पाळणाघरात कांजिण्यांची साथ आली. 88 मुलांपैकी 25 जणांच्या अंगावर फोड उठले आणि त्यांतल्या 17 जणांना लस टोचलेली होती. साथीची सुरुवातही लस घेतलेल्याच एका मुलापासून झाली होती. तपास झाला तेव्हा दोन आकडे पुढे आले. कांजिण्या अजिबात होऊ नयेत, या कसोटीवर लस 44 टक्केच उतरली. मध्यम किंवा तीव्र आजार टाळण्यात मात्र 86 टक्के. ‘लस टोचली तरी फोड आलेच, मग पैसे कशाला घालवले?’ हा आई-बाबांचा प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर या दोन आकड्यांमधल्या अंतरात आहे.

ही लस जन्माला आली ती एका बापाच्या काळजीतून. 1964 मध्ये जपानी विषाणुतज्ज्ञ मिचिआकी ताकाहाशी अमेरिकेत ह्यूस्टनला संशोधन करत होते. त्यांच्या तीन वर्षांच्या मुलाला कांजिण्या झाल्या. ताप चढला, अंग फोडांनी भरलं, श्वास घ्यायला त्रास होऊ लागला. पोर वाचलं. ओसाकाला परतल्यावर ताकाहाशींनी ओका आडनावाच्या एका लहान मुलाच्या फोडांतून विषाणू मिळवला. मानवी फुप्फुसाच्या पेशींत 34 अंश सेल्सिअसला आणि पुढे गिनिपिगच्या पेशींत तो पुन्हा पुन्हा वाढवला. अशा वाढीत विषाणू दुबळा झाला, पण शरीराला ओळख पटण्याइतका जिवंत राहिला. 1974 मध्ये त्यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात रुग्णालयातल्या मुलांवरचा अनुभव मांडला : वॉर्डात कांजिण्या शिरल्यावर लस दिली आणि पसरणं थांबलं.

जपानने 1986 मध्ये परवानगी दिली ती आधी जोखमीच्या मुलांसाठी. रक्ताच्या कर्करोगाशी झुंजणाऱ्या मुलाला कांजिण्या जिवावर बेततात. म्हणजे जीव वाचवणं हेच या लसीचं पहिलं काम होतं, एकही फोड न येणं हे नव्हे.

अमेरिकेने 1995 मध्ये सगळ्याच मुलांसाठी एक मात्रा सुरू केली. तोवर तिथे वर्षाला सुमारे 40 लाख लोकांना कांजिण्या होत आणि 100 ते 150 जण दगावत. रुग्ण झपाट्याने घटले, तरी शाळांतल्या छोट्या साथी काही थांबेनात. पुढच्या अभ्यासांच्या गोळाबेरजेत एका मात्रेचं संरक्षण 82 टक्क्यांच्या आसपास आणि दोन मात्रांचं 92 टक्क्यांच्या आसपास ठरलं. एका मात्रेने काही मुलांत पुरेशी प्रतिकारशक्ती तयारच होत नाही. दुसरी मात्रा ती कसर भरून काढते. 2006 मध्ये अमेरिकेने दोन मात्रांची शिफारस केली.

लसीनंतर होणाऱ्या कांजिण्या बहुधा सौम्य असतात. एरवी अंगावर 250 ते 500 फोड येतात, इथे 50 पेक्षा कमी, तेही बरेचदा पाणी न धरणारे; ताप थोडा किंवा नाहीच. पण असं मूलही आजार पसरवू शकतं, म्हणून पुरळ किरकोळ दिसलं तरी त्याला शाळेत पाठवू नये.

ब्रिटनने लस बराच काळ लांबणीवर टाकली. मुलांच्या कांजिण्या अवतीभवती असल्या की मोठ्यांची प्रतिकारशक्ती ताजी राहते आणि नागीण (अंगात दबून राहिलेला कांजिण्यांचाच विषाणू पुन्हा जागा झाल्याने होणारा आजार) कमी होते, असा तिथल्या तज्ज्ञांचा कयास होता. अखेर 2023 मध्ये त्यांच्या लसीकरण समितीने दोन मात्रांची शिफारस केली.

आपल्याकडे ही लस सरकारच्या मोफत लसीकरण कार्यक्रमात नाही. भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना दोन मात्रा सांगते, पहिली साधारण सव्वा ते दीड वर्षाच्या सुमारास. पण खर्च खिशातून करायचा असल्याने बरीच घरं पहिल्या मात्रेवर थांबतात. कांजिण्या काय, सगळ्यांनाच येऊन जातात, आंघोळीच्या पाण्यात कडुलिंबाचा पाला टाकला की झालं, ही समजूतही त्यामागे आहे. मुलाला घरात वेगळं ठेवण्याची जुनी रीत मात्र चांगलीच होती. तुमच्या मुलाच्या लसीकरण कार्डावर ‘व्हॅरिसेला’पुढे (म्हणजे कांजिण्यांच्या लसीपुढे) एकच तारीख असेल, तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना दुसरीबद्दल जरूर विचारा.