मोझार्टच्या संगीताने बाळ हुशार होते का?

बाळाला मोझार्ट या पाश्चात्त्य अभिजात संगीतकाराचे संगीत ऐकवल्यास त्याची बुद्धिमत्ता वाढते, हा समज गेली तीन दशके पालकांमध्ये रूढ आहे. त्याचे मूळ १९९३ साली ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सापडते. मात्र तो प्रयोग बाळांवर झालाच नव्हता. त्यात ३६ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना दहा मिनिटे मोझार्टची रचना ऐकवली असता, आकृत्यांची मनातल्या मनात जुळणी करण्याच्या चाचणीत त्यांनी थोडी अधिक चांगली कामगिरी केली आणि तो परिणाम जेमतेम १० ते १५ मिनिटांत ओसरला. तरीही १९९८ साली अमेरिकेतील जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी प्रत्येक नवजात बाळाला अभिजात संगीताची ध्वनिमुद्रिका देण्याचा प्रस्ताव मांडला. पालकांची यात काहीच चूक नाही. मुलाचे भले व्हावे या इच्छेचाच येथे गैरफायदा घेतला गेला.

संगीत जरूर ऐकवावे, कारण त्यात आनंद आहे. परंतु विकासाला खरा हातभार लागतो तो देवाणघेवाणीच्या खेळातून. बाळाने हुंकार दिला की आपण उत्तर द्यावे, चेहरा हातांनी झाकून पुन्हा दाखवावा, म्हणजे नजरेआड झालेली गोष्ट नाहीशी होत नाही हे त्याला हळूहळू उमगते आणि आपली पाळी येईपर्यंत थांबणेही ते शिकते. ध्वनिमुद्रिका बाळाच्या हुंकाराला उत्तर देत नाही. बाळाने मान फिरवली, तर ते दमले आहे असे समजून खेळ तेथेच थांबवावा.