व्हिपलॅश : हिसक्याचे नाव आजाराला

मागून गाडी धडकली की सीटची पाठ अंगाला पुढे ढकलते, डोके मात्र क्षणभर जागीच राहते. मधली ओढ मान सोसते. ‘मानेला हिसका बसला’ असे आपण म्हणतो, आणि त्यात नेमके घडले तेवढेच येते. इंग्रजीतला ‘व्हिपलॅश’, म्हणजे चाबकाचा फटकारा, हा शब्दही मुळात तसाच होता. १९२८ साली सॅन फ्रान्सिस्कोतील एका बैठकीत आठ रुग्णांची माहिती देताना एका अस्थिरोगतज्ज्ञाने तो वापरला. साठच्या दशकात त्यानेच खंत बोलून दाखवली : हालचाल सांगण्यासाठी वापरलेला शब्द डॉक्टर, रुग्ण आणि वकील सगळ्यांनीच आजाराचे नाव करून टाकला.

कायरोप्रॅक्टिक, म्हणजे हातांनी मणक्यांवर उपचार करण्याची पद्धत, त्याहून जुनी, १८९५ ची, अमेरिकेच्या आयोवा राज्यातली. मोटारी वाढल्या तशी एक्स-रेत काहीच न दिसणारी पण वळताना कळ येणारी मान घेऊन लोक या उपचारकांकडे जाऊ लागले. दवाखान्यात बहुधा मानेला पट्टा आणि विश्रांती मिळे. इथे कोणीतरी हाताने मणके चाचपून पाहत असे. रुग्णाला त्याचे मोल किती वाटले असेल, हे मान धरलेल्या कोणालाही सांगावे लागणार नाही.

खरा वाद पेटला तो १९९५ मध्ये, कॅनडाच्या क्युबेक प्रांतात. सरकारी वाहन विमा यंत्रणेने नेमलेल्या तज्ज्ञगटाने १०,३८२ शोधनिबंधांची छाननी केली आणि जेमतेम ६२ ग्राह्य धरले. दुखापतीच्या ० ते ४ अशा श्रेणी ठरल्या : ० म्हणजे तक्रारच नाही, ४ म्हणजे हाड मोडलेले किंवा सांधा निखळलेला. पट्टा बांधून पडून राहण्यापेक्षा मान हलती ठेवा, हा सल्ला मोलाचाच होता. प्रशिक्षित हातांनी थोडे दिवस मणक्यांवर उपचार करायलाही गटाची ना नव्हती. इतर तज्ज्ञांनी न तपासता महिनोन्‌महिने तेच करत राहणे मात्र त्याने अमान्य केले.

पण याच गटाने ‘बरे होणे’ मोजले ते नुकसानभरपाई बंद झाल्याच्या दिवसावरून. निम्मे रुग्ण ३१ दिवसांत बरे, हा गाजलेला आकडा त्यातूनच आला. पैसे थांबणे म्हणजे दुखणे थांबणे नव्हे. विमा यंत्रणेच्या पैशातून झालेल्या कामात हा निकष निवडला जावा, हे मला आजही गंभीर वाटते. टीकाकारांनीही नेमके इथेच बोट ठेवले.

पुढची चिंता मानेतल्या रक्तवाहिनीची. झटका देऊन मान वळवल्यावर पक्षाघात झाल्याची उदाहरणे नोंदली गेली होती. २००८ मध्ये कॅनडाच्याच ऑन्टारिओ प्रांतातील पक्षाघात झालेल्या ८१८ रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा पंचेचाळिशीच्या आतल्यांत असा पक्षाघात आणि कायरोप्रॅक्टरची भेट यांचा संबंध दिसला. पण नेहमीच्या डॉक्टरकडे गेलेल्यांतही तो दिसलाच. रक्तवाहिनी आधीच फाटू लागलेली असते आणि त्या दुखण्यापायीच माणूस कोणाकडे तरी जातो, असा अर्थ अभ्यासकांनी लावला. तो सर्वांना पटलेला नाही. पूर्वी कधी न दुखल्यासारखी मान अचानक दुखत असेल, जोडीला चक्कर येत असेल किंवा बोलणे अडखळत असेल, तर तिथे मणक्यांना हात लावण्याआधी इस्पितळच गाठायला हवे.

शब्द मात्र पसरतच गेला. इंग्लंड आणि वेल्सच्या २०१८ च्या कायद्यात ‘व्हिपलॅश’मध्ये मानेबरोबर पाठ आणि खांद्याच्या स्नायूंची दुखापतही आली. ३१ मे २०२१ पासून तिच्या भरपाईचे दरपत्रक लागू झाले : तेव्हा तीन महिन्यांपर्यंतच्या दुखण्याला २४० पौंड ठरले होते.