लिटरेचर सर्च पदवीच्या वर्गात कसा आला

चार वर्षांच्या ‘ऑनर्स विथ रिसर्च’ पदवीमुळे बीएस्सीच्या मुलांसमोर संशोधन प्रकल्प येऊन उभा राहिला आहे. यूजीसीच्या डिसेंबर २०२२च्या आराखड्यानुसार पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण मिळवणाऱ्याला चौथ्या वर्षी १२ क्रेडिटचा प्रकल्प करता येतो. रसायनशास्त्राच्या गाइडचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: ‘आधी लिटरेचर सर्च करून या.’ म्हणजे त्या विषयावर आजवर काय छापून आलं आहे ते शोधून या. तो करायचा कसा, हे सांगायला अनेकदा कुणाला वेळ नसतो.

हा प्रश्न रसायनशास्त्राला फार आधी पडला. जर्मनीत नव्या लेखांचे सारांश देणारं नियतकालिक १८३० मध्येच सुरू झालं. पुढे ते ‘केमिशेस झेंट्रालब्लाट’ या नावाने ओळखलं गेलं आणि १९६९ पर्यंत चाललं. सेंट पीटर्सबर्गच्या फ्रीडरिश बाइलश्टाइन यांनी १८८१ ते ८३ या काळात सेंद्रिय संयुगांची हस्तपुस्तिका काढली, तेव्हा तिच्यात सुमारे १५०० संयुगं होती. ‘हस्तपुस्तिका’ हे नाव राहिलं, पण पुरवण्या जोडत जोडत तिने ग्रंथालयाची भिंत व्यापली. तीही जर्मन भाषेत. अमेरिकेतल्या रसायनाच्या विद्यार्थ्यांना कित्येक वर्षं जर्मन शिकावी लागे, त्याचं हे एक मोठं कारण.

अमेरिकन केमिकल सोसायटीने १९०७ मध्ये ‘केमिकल ॲब्स्ट्रॅक्ट्स’ सुरू केलं. पहिल्या वर्षी त्यात १२ हजारांच्या आत सारांश होते. पुढे दर वर्षीचा आकडा लाखांत गेला. एवढ्या ढिगात हवा तो पदार्थ शोधायचा तर सूची हाच आधार, आणि सूचीत शिरायचं तर पदार्थाचं ‘अधिकृत’ नाव माहीत हवं. ॲस्पिरिनच घ्या. १९६७ ते ७१च्या सामूहिक सूचीत ते सॅलिसिलिक आम्लाच्या खाली सापडे. १९७२ मध्ये संस्थेने नामकरणाचं धोरण बदललं आणि तोच पदार्थ बेंझोइक आम्लाच्या खाली गेला. दोन्ही काळांतली माहिती हवी असेल, तर दोन ठिकाणी पाहणं भाग होतं. नाव सुचलंच नाही तर रेणुसूत्राची सूची असे. तिथे आधी कार्बन, मग हायड्रोजन, बाकीची मूलद्रव्यं वर्णानुक्रमाने. ही पद्धत एडविन हिल यांनी १९०० मध्ये अमेरिकेच्या पेटंट कार्यालयासाठी बसवली होती.

म्हणूनच तिकडच्या अनेक कॉलेजांत ‘केमिकल लिटरेचर’ हा छोटा स्वतंत्र विषय असे. एखादं संयुग द्यायचं आणि ते पहिल्यांदा कुणी बनवलं, त्याचा द्रवणांक किती, हे शेल्फवरच्या खंडांतून काढून आणायला सांगायचं. काम कंटाळवाणं होतं, पण ते निव्वळ ग्रंथालयाचं काम नव्हतं. मूळ सांगाडा कोणता, कोणता गट कुठे जोडलेला, हे कळल्याशिवाय सूचीचं योग्य पान उघडतच नसे. माझ्या मते त्या विषयाचं खरं मोल इथेच होतं.

१९६५ मध्ये ‘केमिकल ॲब्स्ट्रॅक्ट्स सर्व्हिस’ची (सीएएस) प्रत्येक पदार्थाला क्रमांक देणारी रजिस्ट्री, म्हणजे नोंदवही, सुरू झाली. ॲस्पिरिन म्हणजे ५०-७८-२. नाव काहीही असो, क्रमांक तोच. १९८० मध्ये सीएएस ऑनलाइन आलं आणि रचना देऊन शोध घेता येऊ लागला. पण जोडणीच्या वेळेचे पैसे पडत, त्यामुळे विद्यार्थी प्रश्न लिहून द्यायचा आणि टर्मिनलवर बसायचे प्रशिक्षित ग्रंथपाल. १९९५ मध्ये सीएएसची स्वतः शोध घेण्याची संगणकप्रणाली सायफाइंडर आणि १९९८ मध्ये त्याची विद्यापीठांसाठीची आवृत्ती आली, तेव्हा कीबोर्ड विद्यार्थ्याच्या हाती गेला. ‘केमिकल ॲब्स्ट्रॅक्ट्स’ची छापील आवृत्ती २०१०च्या आरंभी बंद झाली.

शोध सोपा झाला, तसा तो शिकवण्याचा स्वतंत्र विषय अनेक ठिकाणी मागे पडला. हे मला उलटं वाटतं. पूर्वी चुकीचं नाव घेतलं तर हाती काहीच लागत नसे आणि चूक लगेच कळे. आता ढोबळ शब्द टाकला तरी शेकडो लेख समोर येतात, आणि त्यांतला कामाचा कोणता हे ठरवायला कुणी शिकवलेलं नसतं. अमेरिकन केमिकल सोसायटीच्या २००८च्या पदवी मार्गदर्शक तत्त्वांत रासायनिक साहित्य शोधणं आणि ते चिकित्सकपणे वाचणं हे विद्यार्थ्याच्या आवश्यक कौशल्यांत आहे. पदवी पातळीवरचं संशोधनही तोवर तिकडे रुळलं होतं: अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचा (एमआयटी) कार्यक्रम १९६९चा, तर १९७८ची ‘कौन्सिल ऑन अंडरग्रॅज्युएट रिसर्च’ ही संस्था रसायनशास्त्राच्याच प्राध्यापकांनी उभारलेली.

भारतात अडचण मुळात लेख हाती येण्याची होती. १९५२ मध्ये दिल्लीत स्थापन झालेली इन्सडॉक ही संस्था संशोधकांना परदेशी लेखांच्या छायाप्रती आणि भाषांतरं पुरवायची. बीएस्सीच्या वर्गापर्यंत हे क्वचितच पोचलं. तिथलं प्रॅक्टिकल म्हणजे ठरलेली कृती आणि ठरलेलं उत्तर. पुण्याच्या आयसरने (भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था) २००६ पासून पाच वर्षांच्या बीएस-एमएसमध्ये शेवटचं वर्ष संशोधनाला दिलं, पण तिथल्या जागा मोजक्याच.

१ जानेवारी २०२५ पासून केंद्र सरकारच्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेमुळे केंद्र आणि राज्य सरकारांच्या संस्थांना सुमारे १३ हजार नियतकालिकं खुली झाली, अमेरिकन केमिकल सोसायटीचीही त्यांत आहेत. लेख वाचायला मिळणं आणि तो सापडणं ही मात्र दोन कामं. महागडे डेटाबेस नसलेल्या कॉलेजातही पबकेम हा रासायनिक पदार्थांचा ऑनलाइन डेटाबेस आहेच. २००४ पासून ते फुकट आहे, आणि त्यात रेणूची रचना काढून शोध घेता येतो. हे शिकवायला तीन तासांचं एक प्रॅक्टिकल पुरे.